पर्वरीतल्या आमच्या टीमने ॲजाइल कसं अंगवळणी पाडलं

गोव्यात पर्वरीच्या ऑफिसात आम्ही लहान हॉटेलं आणि गेस्ट हाउससाठी सॉफ्टवेअर करतो. बुकिंग, बिलं, खोल्यांचा हिशेब, असं सगळं. मी तिथे टेस्टर. सॉफ्टवेअर थोडं थोडं करून, ग्राहकाला दाखवत सुधारत नेण्याच्या रीतीला ॲजाइल म्हणतात, आणि स्क्रम हा त्याचाच एक साचा. मुलाखतीला येणारी मुलं स्क्रममधल्या मीटिंगांची नावं धडाधड सांगतात, पण त्यातून टीमचं रोजचं काम कुठे आणि कसं हलकं होतं, हे विचारलं की थबकतात. म्हणून जे जवळून पाहिलं ते लिहिते आहे.

आमची आधीची रीत सगळ्यांच्या ओळखीची आहे. ग्राहकाशी बोलून जाडजूड डॉक्युमेंट करायचं, त्यावर सही घ्यायची, मग डिझाइन, मग कोडिंग आणि सगळ्यात शेवटी टेस्टिंग. विन्स्टन रॉईस यांनी १९७० साली ज्या लेखात हे टप्पे मांडले, त्याच लेखात ही सरळसोट पद्धत धोक्याची आहे असंही बजावलं होतं. जगभर त्या टप्प्यांची आकृती पोचली, इशारा मागे राहिला. अशा कामात टेस्टरच्या वाट्याला शेवटचे दिवस येतात. चूक सापडते तोवर तो कोड लिहिणारा दुसऱ्या मॉड्यूलमध्ये बुडालेला असतो, मालकाला तारीख दिलेली असते, आणि ऑक्टोबर उजाडला की सीझन कुणासाठी थांबत नाही.

फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात, स्नोबर्ड इथे १७ जणांनी मिळून ॲजाइलचा जाहीरनामा लिहिला. त्यातल्या दोन गोष्टी आम्ही धरून ठेवल्या: कागदपत्रांपेक्षा चालतं सॉफ्टवेअर मोलाचं, आणि करारावरच्या घासाघिशीपेक्षा ग्राहकाबरोबर बसून काम करणं मोलाचं. बाकीचं आपोआप मागून आलं.

दोन आठवड्यांचा स्प्रिंट, म्हणजे कामाचा एक ठरावीक टप्पा, ठरला. भिंतीवर बोर्ड लागला: प्रत्येक कामाचं एक कार्ड, आणि काम पुढे सरकेल तसं ते डावीकडून उजवीकडच्या रकान्यात जातं. सकाळचा स्टँडअप, म्हणजे उभ्याउभ्या होणारी छोटी मीटिंग, सुरू झाला. पहिले काही आठवडे स्टँडअप म्हणजे मॅनेजरसमोर हजेरी होती. काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय, हे एकेकाने म्हणायचं आणि खुर्चीकडे वळायचं. स्क्रम गाइड या स्क्रमच्या अधिकृत पुस्तिकेच्या २०२० च्या आवृत्तीतून हे तीन प्रश्न काढूनच टाकले आहेत. १५ मिनिटांची मर्यादा आणि स्प्रिंटच्या ध्येयाकडे बघणं एवढंच उरलं. आम्हीही माणसामाणसाने बोलणं सोडलं आणि बोर्ड उजवीकडून वाचायला लागलो. जे काम पूर्ण व्हायच्या सर्वांत जवळ आहे ते आधी, आणि ते अडलं असेल तर कोण हात लावणार, एवढंच बोलायचं. त्याच्या जोडीला कानबान या, हातातल्या कामांवर मर्यादा घालणाऱ्या पद्धतीतून एक नियम उचलला: टेस्टिंगच्या रकान्यात तीनापेक्षा जास्त कार्डं नकोत. चौथं आलं की डेव्हलपरने नवीन काम उचलायचं नाही, माझ्याबरोबर बसून आधीचं मोकळं करायचं. सुरुवातीला कुरबुर झाली. पण मला विचाराल तर आमच्या टीमला सगळ्यात जास्त या नियमाने सुधारलं. अर्धवट कामांचा ढीग कमी झाला की प्रत्येक काम लवकर बाहेर पडतं, हे तेव्हा सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं.

ग्राहकाच्या बाजूने खरा फरक मात्र डेमोने, म्हणजे झालेलं काम त्याला दाखवण्याने, पडला. आमच्याकडे उत्तर गोव्यातल्या किनारपट्टीवरच्या गेस्ट हाउसची कामं जास्त. डेमो ऑफिसच्या मोठ्या पडद्यावर न करता थेट रिसेप्शनच्या काउंटरवर करायचा, असं आमच्या प्रॉडक्ट ओनरने, म्हणजे कुठलं काम आधी ते ठरवणाऱ्याने, ठरवलं. मोरजीला पहिल्यांदा गेलो तेव्हा परदेशी पाहुण्यांच्या नोंदीचं पान दाखवायचं होतं. परदेशी पाहुणा उतरला की २४ तासांच्या आत त्याची माहिती सरकारकडे ऑनलाइन पाठवावी लागते. सगळे त्याला सी-फॉर्म म्हणतात. पासपोर्ट, व्हिसा, कुठून आला, पुढे कुठे जाणार, असे ढीगभर रकाने. डॉक्युमेंटात ते सगळे एकाच पानावर होते आणि मालकाची त्यावर सही होती. काउंटरवरच्या ताईने पान वरखाली केलं आणि म्हणाली, “बाय, इतलें कोण भरतलो?” मोपाला रात्री उशिरा विमान उतरतं, पाहुणे दीडदोनला टॅक्सीतून येतात, चौघांचं कुटुंब झोपेने पेंगत समोर उभं असतं. त्या वेळी ती फक्त पासपोर्ट आणि व्हिसाच्या पानांचे फोटो काढून किल्ली देते, उरलेलं सकाळी चहा झाल्यावर भरते. सही करणाऱ्या पात्रांवला, म्हणजे मालकाला, हे ठाऊक नव्हतं, कारण रात्री काउंटरवर तो नसतो.

पुढच्या स्प्रिंटमध्ये पानाचे दोन भाग केले: रात्रीचा आणि सकाळचा. सकाळची यादी उघडली की कुणाच्या नोंदीला किती तास उरलेत ते वरच दिसतं. दोन आठवड्यांचंच काम असल्यामुळे बदलताना कुणाचा जीव वर आला नाही. हेच आधीच्या रीतीने झालं असतं तर ताईचं ते वाक्य ऐन डिसेंबरच्या गर्दीत, सगळं बांधून झाल्यावर कानावर पडलं असतं.

या सवयींचा कस लागला २०२५ च्या चवथीत. ३ सप्टेंबरला जीएसटी कौन्सिलने दर बदलले. आमच्या कामाचा मुद्दा एवढाच होता की रात्रीला ७५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवरचा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्के होणार, पण खरेदीवरच्या कराचं क्रेडिट मिळणार नाही, म्हणजे हॉटेलने खरेदीवर भरलेला कर वजा करून घेता येणार नाही. त्यावरच्या खोल्यांना १८ टक्के कायम. लागू २२ सप्टेंबरपासून. निर्णय आला तेव्हा टीममधल्या काहींचे गणपती अजून घरीच होते.

ऐकायला एक आकडा बदलायचा होता. २००० च्या खोलीचं बिल २२४० चं २१०० होणार, झालं. पण तीच खोली ऑक्टोबरात ६८०० ला जाते आणि वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात ९००० ला, म्हणजे एकाच मुक्कामात दोन रात्रींना दोन दर लागू शकतात. शिवाय उन्हाळ्यात ॲडव्हान्स भरून ठेवलेली बुकिंगं होती. दर बदलतो तेव्हा मुक्काम, बिल आणि पैसे मिळणं या तीन तारखा बघाव्या लागतात. तिन्हींतल्या दोन ज्या बाजूला पडतात त्या बाजूचा दर लागतो. म्हणजे ॲडव्हान्स ऑगस्टचा, पण मुक्काम आणि बिल ऑक्टोबरचं असेल तर ५ टक्के. ॲडव्हान्स आणि बिल दोन्ही ऑगस्टचं असेल तर १२.

प्रॉडक्ट ओनरने बॅकलॉगमधलं, म्हणजे पुढच्या कामांच्या यादीतलं, ऑक्युपन्सी रिपोर्टचं काम खाली ढकललं आणि कर सगळ्यात वर आणला. मोठ्या चर्चा झाल्या नाहीत. कामाचे तुकडे पाडले: आधी रात्रीगणिक दर, मग तीन तारखा, मग क्रेडिट. प्रत्येक तुकडा माझ्याकडे झाल्या झाल्या आला. बिलांच्या जुन्या ऑटोमेटेड टेस्ट तयार होत्याच, कारण टेस्टशिवाय कार्ड ‘डन’मध्ये जाऊ द्यायचं नाही हे आम्ही आधीच ठरवलं होतं. तारखांच्या सगळ्या जोड्या मी एका तक्त्यात मांडल्या आणि हॉटेलच्या अकाउंटंटला शेजारी बसवून एकेक पडताळली. सोमवारी, २२ तारखेला, नवीन दराची बिलं सकाळपासून नीट निघाली. काउंटरवर कुणाला कॅलक्युलेटर काढावा लागला नाही याचा मला आजही अभिमान वाटतो.

दर स्प्रिंटनंतर रेट्रो होतो, म्हणजे काय जमलं आणि काय नाही यावर टीम बसून बोलते. तिथे तक्रारी बऱ्याच येतात, पण एका वेळी एकच गोष्ट बदलायची हे आम्ही पाळतो. टेस्टिंगच्या रकान्याची मर्यादा अशाच एका रेट्रोत ठरली होती.

एका गोष्टीवर मात्र भांडावं लागलं. वरून विचारणा आली की दोन टीमपैकी कुणाचे स्टोरी पॉइंट जास्त, ते तक्त्यात द्या. पॉइंट हा काम किती मोठं याचा त्या त्या टीमचा आपापसातला अंदाज आहे, आमच्या पाचाची आणि त्यांच्या पाचाची तुलना होऊच शकत नाही. तुलना सुरू झाली की आकडे फुगतात, काम तेवढंच राहतं, हे आम्ही शांतपणे पण ठामपणे मांडलं. आता महिन्याच्या आढाव्यात पहिली ओळ असते ती कुठल्या हॉटेलात नवीन काय चालू झालं आणि काउंटरवर ते कोण वापरतंय याची. पॉइंट आमच्या बोर्डापुरते राहिले आहेत.