स्पीडस्टरला शोभणारे ड्रम
आज दिवसभर मित्राच्या गॅरेजमध्ये होतो, इथे कॅलिफोर्नियात. त्याची पोर्शे ३५६ स्पीडस्टर या जुन्या उघड्या स्पोर्ट्स कारची प्रतिकृती जुन्या फोक्सवॅगन बीटलच्या चॅसीवर बांधलेली आहे, आणि तिला तो ड्रम ब्रेक बसवतोय. "डिस्क ब्रेक लावून मोकळा हो," असं त्याला जो तो सांगतो. पण नेहमीच्या ३५६ ला डिस्क आल्या १९६३ मध्ये, सी मॉडेलबरोबर. मूळ स्पीडस्टर ड्रमवरच धावली, आणि मला त्याचा ड्रमचाच हट्ट मनापासून पटतो. ॲल्युमिनियमचे फिनवाले (बाहेरून पात्यांसारख्या कडा असलेले) ड्रम, आत बिडाची रिंग, काय देखणं काम आहे! चाकाच्या बोल्टांचं वर्तुळ जुन्या बीटलसारखंच २०५ मिमी, त्यामुळे तिथे अडलं नाही. वेळ खाल्ला लायनिंगने, म्हणजे ड्रमला आतून दाबणाऱ्या ब्रेक शूवरच्या अस्तराने. ड्रमला आतून खडू फासून शू टेकवला, तर डाग फक्त मधोमध. तेवढंच घासायचं, पुन्हा टेकवायचं. डाग दोन्ही टोकांपर्यंत उमटला तेव्हा आम्ही दोघं अक्षरशः ओरडलो. उद्या ब्रेक ऑइल भरून हवा काढायची.