टीपीआर चार्टमधले 20, 20, 20 आणि नागपूरचा मे महिना

बऱ्याच वॉर्डांत टीपीआर चार्ट (तापमान, नाडी आणि श्वसनाचा तक्ता) हातात घेऊन श्वसनाचा रकाना वरून खाली वाचत गेलं, की 20, 20, 18, 20, 20 असंच दिसतं. न्यूमोनियाचा पेशंट, काल बाळंत झालेली बाई, हर्नियाचं ऑपरेशन झालेले काकाजी, सगळे मिनिटाला 20. नाडीचा आकडा ऑक्सिमीटर आयता देतो. बीपी राउंडला विचारतात, म्हणून ते घेतलं जातं. श्वास मोजायला मात्र साध्या वॉर्डात मशीन नसतं, घड्याळ घेऊन मिनिटभर उभं राहावं लागतं, आणि दोन सिस्टर नि चाळीस बेड असले की पहिला बळी त्या मिनिटाचाच जातो.

पेशंट बिघडायला लागला की बहुतेक वेळा सगळ्यात आधी हलतो तो हाच आकडा. रक्तात आम्ल वाढलं, रक्तस्राव झाला, संसर्ग अंगभर पसरला, तर श्वास वाढतो. बीपी तेव्हा अजून टिकून असतं. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2012 मध्ये आणलेल्या आणि 2017 मध्ये सुधारलेल्या ‘न्यूज’ स्कोअरमध्ये (पेशंट बिघडतोय का ते गुणांवरून ओळखायची पद्धत) मिनिटाला 12 ते 20 श्वासांना शून्य गुण आहेत, 21 ते 24 ला 2, आणि 25 किंवा जास्त असतील तर थेट 3. 8 किंवा कमी असतील तरीही 3. एकाच रकान्यात 3 गुण आले की बाकी सगळं ठीक असलं तरी डॉक्टरांना तातडीने कळवायचं असतं. म्हणजे न मोजता 20 लिहिलं, की पेशंटला परस्पर शून्य गुण देऊन मोकळं झालो.

15 सेकंद मोजून चारने गुणायची सवय याच दुखण्याचा दुसरा भाग. त्या पद्धतीत 16, 20, 24 असे चारच्या पटीतलेच आकडे येऊ शकतात, मधला एकही नाही. एक श्वास इकडचा तिकडे झाला की 20 चे 24 होतात. म्हणून पूर्ण 60 सेकंद. आपण श्वास मोजतोय हे पेशंटला कळलं की तो नकळत श्वास बदलतो, तेव्हा नाडी मोजून झाली तरी बोटं मनगटावरच ठेवायची, पेशंटचा तोच हात त्याच्या पोटावर टेकवायचा आणि छाती-पोटाचं वर-खाली होणं बघायचं. वर आणि खाली मिळून एक. लहान मूल रडत किंवा दूध पीत असेल तर थांबायचं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळात 60, दोन महिने ते एक वर्षापर्यंत 50 आणि एक ते पाच वर्षांत 40 किंवा त्याहून जास्त श्वास म्हणजे जलद श्वसन.

संख्येसोबत खोलीही लिहा. साखर खूप वाढून रक्त आम्लधर्मी झालेला पेशंट खोल, जोरकस श्वास घेतो आणि ऑक्सिमीटर 99 दाखवतो. त्या 99 ने पुष्कळांची फसगत होते.

आता तापमान. इथे नागपूरचं गणित वेगळं आहे. मे महिन्यात, विशेषतः नवतपात (मे अखेरच्या सगळ्यात कडक उन्हाच्या नऊ दिवसांत), बाहेर 45-46 अंश सेल्सिअस असतं आणि वरच्या मजल्यावरच्या वॉर्डातही फार कमी नसतं. पाऱ्याच्या थर्मामीटरचा पारा एकदा चढला की झटकल्याशिवाय उतरत नाही, आणि त्याची पट्टी 42 ला संपते. असं थर्मामीटर खिडकीतल्या ट्रेमध्ये ऊन खात पडलं तर पेशंटच्या काखेत जाण्याआधीच पारा टोकाला गेलेला असतो. कधी काचही तडकते. डिजिटलचंही टोक गरम असलं तर आकडा बिघडतो, कारण तेही सगळ्यात वरचा आकडाच धरून ठेवतं. थर्मामीटर सावलीत, गार जागी ठेवायचं. पाऱ्याचं असेल तर लावायच्या क्षणी झटकून 35 च्या खाली आणायचं, सकाळी एकदाच झटकून ठेवलेलं चालत नाही. कपाळासमोर धरायची ती बंदूक उन्हातून नुकत्याच आत आलेल्या माणसावर वापरण्यात तर अर्थच नाही, ती तापलेली कातडी मोजते.

काखेतला घाम आधी टिपून घ्यायचा, घासायचा नाही. घासलं तर तिथली कातडी गरम होते. टोक काखेच्या मधोमध, दंड अंगाला चिकटलेला, हात छातीवर आडवा. पाऱ्याचं निदान पाच मिनिटं, डिजिटलचं बीप वाजेपर्यंत. काखेतला आकडा आतल्या तापमानापेक्षा साधारण अर्धा ते एक अंश सेल्सिअसने कमी येतो. त्यात मनाने अर्धा अंश मिळवून लिहू नका. आला तोच आकडा लिहा आणि पुढे ‘काख’ लिहा. तोंडातून घ्यायचं तर चहा किंवा गार पाण्यानंतर पंधरा ते तीस मिनिटं थांबावं लागतं. आपल्याकडे खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) चघळतात, म्हणून आणखी एक प्रश्न विचारावा लागतो: ‘‘काकाजी, तोंडात खर्रा आहे का?’’ मान हलली, की आधी थुंकून चूळ भरायला लावायची आणि तेवढंच थांबायचं.

खरी गफलत उष्माघातात होते. नातेवाईक पेशंटला ओल्या टॉवेलात गुंडाळून आणतात, कॅज्युअल्टीत कूलर त्याच्याच तोंडावर लावलेला असतो. काखेत 100 फॅरनहाइट निघतं आणि आत 105 असतं. उन्हात काम केलेला, बरळणारा किंवा बेशुद्ध पेशंट असेल तर काखेचा आकडा धरायचाच नाही. गुदमार्गातून घ्यायचं: वेगळं ठेवलेलं डिजिटल थर्मामीटर, जेली लावून, मोठ्या माणसात तीन-चार सेंटिमीटर आत, आणि पूर्ण वेळ हाताने धरून. प्लेटलेट खूप कमी असतील किंवा तिथलं ऑपरेशन झालेलं असेल तर हा मार्ग नको. आतलं तापमान 40 अंश सेल्सिअस किंवा वर आणि भान हरपलेलं, एवढ्यावर थंड करणं सुरू होतं. मग दर पाच-दहा मिनिटांनी मोजायचं, आणि साधारण 39 ला आलं की पाणी-बर्फ थांबवायचं, नाहीतर तापमान गरजेपेक्षा खाली घसरतं.

नाडीबद्दल थोडंच. अंगठा वापरायचा नाही, त्यात स्वतःचीच नाडी लागते. लय नियमित असेल तर 30 सेकंद मोजून दुप्पट चालते. अनियमित असेल तर पूर्ण मिनिट, आणि सोबत हृदयाचे ठोकेही: एकीने मनगट धरायचं, दुसरीने डाव्या स्तनाग्राच्या खाली पाचव्या आणि सहाव्या फासळीमधल्या जागेवर स्टेथो ठेवायचा, घड्याळ एकच. तिथे 110 आणि मनगटावर 88 आले तर दोन्ही आकडे लिहायचे. डिगॉक्सिन (हृदयाचं औषध) देण्याआधी एक मिनिट मोजायचं. 60 च्या खाली असेल तर गोळी हातात ठेवून आधी डॉक्टरांना विचारायचं.

बीपीत चुकायच्या जागा सगळ्यात जास्त. पेशंट जिना चढून आला, बसता बसता बाही वर सरकवून कफ (बीपीचा पट्टा) बांधला, हात मांडीवर लोंबतोय आणि तो गडचिरोलीहून बस कशी उशिरा निघाली ते सांगतोय. यातली जवळपास प्रत्येक गोष्ट आकडा वर नेते. हात हृदयापेक्षा 10 सेंटिमीटर खाली असला की 7-8 मिलिमीटर जास्त दिसतात. पेशंट असा हवा: पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीला, लघवी करून आलेला, आणि अर्ध्या तासात चहा, बिडी, खर्रा काही नाही. कफमधली हवेची पिशवी दंडाच्या घेराच्या निदान 80 टक्के भागाभोवती आली पाहिजे. जाड दंडाला लहान कफ लावला तर खोटं जास्त येतं, आणि हाडकुळ्या आजीला मोठा कफ लावला तर खोटं कमी. कफची खालची कड कोपराच्या दोन-तीन सेंटिमीटर वर. स्टेथो कफखाली खुपसायचा नाही.

आणि आधी बोटांनी. नाडी धरून हवा भरत जायचं, ती नाहीशी होईल तो आकडा लक्षात ठेवायचा, हवा सोडायची, मग स्टेथो लावून त्याच्या 30 वर भरायचं. ही पायरी गाळली तर काही बीपीवाल्यांत मधला आवाज गायब होतो, आपण त्या पोकळीतून सुरुवात करतो आणि 180 चं 140 लिहितो. हवा सेकंदाला दोन-तीन मिलिमीटरच्या वेगाने सोडायची. शून्याने संपणारे आकडे लिहायची खोड सोडा. 128 असेल तर 128. डायलिसिसचा फिस्टुला (त्यासाठी केलेला रक्तवाहिन्यांचा जोड) असलेला, स्तन काढलेल्या बाजूचा किंवा सलाइन चालू असलेला हात नको.

पावसाळ्यानंतर डेंग्यूचे पेशंट भरले की वरचा-खालचा आकडा वेगवेगळा बघून भागत नाही. 100/80 दिसायला ठीक वाटतं, पण दोन्हींतलं अंतर फक्त 20 आहे. नाडी जलद आणि बारीक, हातपाय गार असतील तर हा शॉक (अवयवांना रक्त अपुरं पडणं) आहे, भले वरचा आकडा शंभर असो. अशा वेळी ताप उतरलेला असतो आणि नातेवाईक सुट्टी कधी म्हणून विचारत असतात. डेंग्यूच्या चार्टवर वजाबाकी करून तिसरा आकडा लिहायचा, हा माझा आग्रह आहे.

ऑक्सिमीटरवर आधी त्याने दाखवलेली नाडी आणि आपण मोजलेली नाडी जुळते का ते बघा. जुळत नसेल तर ऑक्सिजनचा आकडाही सोडून द्या. गडद नेलपॉलिश आणि काळपट मेंदी आड येते. डिसेंबर-जानेवारीत बोटं गार असतात, ती चोळून गरम करा. बीपीचा कफ असलेल्या हाताला लावू नका, हवा भरली की आकडा पडतो. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेल्या माणसात तो 98 दाखवेल, कारण कार्बन मोनॉक्साइडने भरलेलं रक्तही त्याला ऑक्सिजनचंच वाटतं. विदर्भात सिकलसेलचे (रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे) पेशंट पुष्कळ आहेत. त्यांच्यात हा आकडा रक्ततपासणीशी दर वेळी जुळत नाही, त्यामुळे त्या पेशंटचा नेहमीचा आकडा किती होता ते जुन्या कागदांत शोधा.

फोनवर ‘‘सर, बेड 14 चं बीपी लो आहे’’ एवढंच सांगितलं तर पलीकडून दहा प्रश्न येतात. असं सांगा: ‘‘बेड 14, डेंग्यू, पाचवा दिवस. आत्ता साडेतीनला उजव्या हातात, झोपून, 98/80. नाडी 118, बारीक. श्वास पूर्ण मिनिट मोजले, 26. काखेत 98.2. दुपारी बाराला 110/70 होतं, लघवी तेव्हापासून नाही.’’ फोन केल्याची वेळ आणि मिळालेली ऑर्डर चार्टवर लिहायची आणि पंधरा मिनिटांनी त्याच हातात, त्याच स्थितीत पुन्हा मोजायचं.