बार्शी रोड, साल 1900: रूळ झाले, आता मालधक्का

कुर्डुवाडी रेल्वे स्टेशनच्या छोट्या मॉडेलचे रूळ टाकून झाले. एका अंगाला जीआयपीचं (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचं) ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रूळ, दुसऱ्या अंगाला बार्शी लाईट रेल्वेचं अरुंद नॅरोगेज, आणि मधे मालधक्क्यासाठी सोडलेली पट्टी. या पट्टीसाठीच मी हे स्टेशन निवडलं.

मॉडेलचं साल 1900 धरलंय. मुंबईहून निघालेली जीआयपीची लाईन 1860 साली सोलापूरला पोहोचली, आणि त्या वाटेवर बार्शीच्या कापसासाठी जवळचं ठिकाण होतं कुर्डुवाडी. बार्शी मात्र सुमारे 35 किलोमीटर दूर. निजामाच्या मुलखातून बालाघाट उतरून आलेला माल बार्शीच्या बाजारात जमायचा आणि तिथून बैलगाड्यांनी स्टेशनवर यायचा. म्हणून माझ्या पाटीवर ‘बार्शी रोड’ हे तेव्हाचंच नाव येणार. 1897 साली इंग्रज अभियंते एव्हरार्ड कॅल्थ्रॉप यांची अडीच फुटी लाईन सुरू झाली आणि बैलगाड्यांच्या त्या वाटेला रूळ मिळाले. पुढे 1906 ला पंढरपूर, 1911 ला लातूर, 1927 ला मिरज असा पसारा वाढला. तो सगळा मोह मी बाजूला ठेवलाय. 1900 मध्ये इथून नॅरोगेज एकाच गावाला जाते, त्यामुळे यार्ड लहान राहतं आणि दोन गेजांची गाठभेट ठळक दिसते.

स्केल 1:87, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीवा भाग. इथलं गणित थोडं सविस्तर सांगतो, कारण भारतीय मॉडेल करणाऱ्या प्रत्येकाला ते कधी ना कधी अडवतं. 762 मिलिमीटरचं नॅरोगेज या स्केलमध्ये 8.76 येतं, म्हणजे एन गेजचा (याहून लहान स्केलच्या मॉडेलांसाठी बनणारा) 9 मिलिमीटरचा तयार रूळ चालून जातो. आपलं 1676 चं ब्रॉडगेज मात्र 19.26 येतं. बहुतेक जण तिथे बाजारात मिळणारा 16.5 चा रूळ वापरतात आणि एरवी त्यात काही बिघडत नाही. पण या स्टेशनात दोन्ही रूळ शेजारी-शेजारी आहेत. खऱ्या रुळांत ब्रॉडगेज नॅरोगेजच्या 2.2 पट रुंद; 16.5 आणि 9 घेतले तर प्रमाण 1.83 वर येतं. नजरेला हा फरक लगेच कळतो, मोठी लाईन मोठी वाटतच नाही. म्हणून ब्रॉडगेज हातानं टाकलं: तांब्याचा थर असलेल्या सर्किट बोर्डाच्या पट्ट्यांचे स्लीपर, त्यांवर सोल्डर केलेला रूळ, आणि दोन रुळांत वीज जुळू नये म्हणून प्रत्येक स्लीपरच्या थरावर मधोमध घातलेली खाच. काम वेळखाऊ आहे. तरी ज्यांना भारतीय जंक्शन करायचंय त्यांनी हे कराच, असं मी आग्रहानं सांगेन.

वाघिणींवर, म्हणजे मालडब्यांवर, माझा सर्वांत जास्त जीव जडलाय. कॅल्थ्रॉप यांनी हिशेब असा मांडला की इंजिन असो वा वाघीण, कुठल्याही आसावर पाच टनांहून जास्त भार पडता कामा नये. त्यामुळे हलक्या रुळांवरूनही भरपूर माल नेता आला. दाबीव पोलादाच्या सांगाड्याच्या या बोगी वाघिणी (बोगी म्हणजे डब्याखालचा वळणारा चाकांचा गाडा) 25 फूट लांब आणि 7 फूट रुंद होत्या. मॉडेलमध्ये त्या 88 बाय 24.5 मिलिमीटर होतात, आणि खाली रूळ फक्त 9 चा! इतक्या अरुंद पायावर इतकी रुंद गाडी स्थिर चालते हे टेबलावर बघितलं की त्या माणसाची बुद्धी कळते. भारतात पाठवण्याआधी हा सरंजाम इंग्लंडात लीड्सजवळ न्यूले इथे रूळ टाकून लोकांना दाखवला होता. स्टॅफर्डशरमधली 1904 ची लीक अँड मॅनिफोल्ड लाईनही त्यांचीच. तिकडच्या हौशी मंडळींनी तिची चित्रं भरपूर जपलीत, बोगीचे बारकावे समजून घ्यायला ती फार उपयोगी पडतात.

इंजिन किटसन या इंग्लंडातल्या इंजिनं बनवणाऱ्या कंपनीचं, आठ जोडचाकं आणि मागे चार चाकांची बोगी. एन गेजचं आठ जोडचाकांचं चॅसिस घेऊन वरचा सांगाडा थ्रीडी प्रिंट करतोय. पाण्याच्या टाक्यांत शिसं भरलं की वजन पुरेल.

जमिनीला सोलापूरकडची काळी माती चाळून वापरली. पसरण्याआधी तिच्यातून लोहचुंबक फिरवा, नाहीतर लोखंडाचे कण मोटरमध्ये जातात. वर पाणी घातलेलं फेव्हिकॉल, त्यात भांड्याच्या साबणाचा थेंब.

आता मालधक्का. इथे प्रत्येक गाठ हमालांच्या पाठीवरून छोट्या वाघिणीतून मोठ्या वाघिणीत जायची. 2008 साली लातूरपर्यंतचं गेज बदलण्याचं काम पुरं झालं आणि या बाजूची चढउतर कायमची थांबली; नवी लाईन तर धाराशिवलाही शिवली, जे शहर नॅरोगेजला कधी लाभलं नव्हतं. धक्क्यासाठी सध्या बाल्साच्या तुकड्यांना गोणपाटी रंगाचं कापड चिकटवून कापसाच्या गाठी करतोय. हमालांच्या आकृत्या विकत मिळत नाहीत, म्हणून युरोपी कामगारांच्या आकृत्यांवर एपॉक्सी पुट्टीनं धोतर आणि मुंडासं चढवायला घेतलंय.