सुपर एटवर लघुपट: हिशेब फुटांत मांडा

सुपर एट म्हणजे ८ मिलिमीटर रुंदीची हौशी सिनेमाची फिल्म. तिच्या एका कार्ट्रिजमध्ये, म्हणजे बंद डबीत, ५० फूट फिल्म असते, म्हणजे ३,६०० फ्रेम. सेकंदाला २४ फ्रेमच्या वेगाने चालवली तर अडीच मिनिटं, १८ ने चालवली तर ३ मिनिटं २० सेकंद. विद्यार्थ्यांच्या खिशाला तीन कार्ट्रिज झेपतात असं धरलं, तर हातात साडेसात मिनिटं येतात. एकेक शॉट दोनदा घेतला तरी त्यातून तीन मिनिटांच्या आसपासचा लघुपट उभा राहतो. म्हणून पटकथा लिहितानाच फूट मोजायला लागा. २४ च्या वेगाला एक फूट म्हणजे तीन सेकंद, हे डोक्यात बसलं की शॉटलिस्ट आपोआप आटोपशीर होते. प्रत्येक शॉटच्या आगेमागे एकेक सेकंद जास्तीचा धरा. मोटर वेग पकडेपर्यंतच्या पहिल्या एक-दोन फ्रेम पांढऱ्या पडतात, त्या कापाव्याच लागतात.

कॅमेरा जुन्या बाजारातून आणलेला असो की कुणाच्या काकांच्या कपाटातला, फिल्म घालण्याआधी तो तपासलाच पाहिजे. यात आळस केला की तिन्ही कार्ट्रिज पाण्यात. दार उघडून मोटर चालवा आणि फिल्म गुंडाळणारा दांडा फिरतोय का ते बघा. तो अडत असेल तर आत फिल्म गोळा होऊन जाम होणार. मग एखादं मुदत संपलेलं कार्ट्रिज घालून घड्याळ लावा. २४ वर पूर्ण फिल्म १५० सेकंदांत संपायला हवी. १७० लागले तर कॅमेरा प्रत्यक्षात २१ नेच चालतोय आणि पडद्यावर माणसं घाईत चालताना दिसतील. गेटमधला, म्हणजे लेन्समागे फिल्म सरकते त्या चौकटीतला, कचरा लाकडी टूथपिकने आणि मऊ ब्रशने काढा. धातूचं काहीही आत घालू नका. गेटला पडलेला एक ओरखडा पुढच्या प्रत्येक फ्रेमवर रेघ ओढतो.

उजेड मोजणाऱ्या लाइटमीटरचा घोळ सगळ्यात फसवा. बऱ्याच जुन्या कॅमेऱ्यांचा मीटर १.३५ व्होल्टच्या पारा-सेलवर चालायचा. ते सेल आता मिळत नाहीत आणि त्यांच्या जागी १.५ व्होल्टचा घातला, तर अनेक मीटर आहे त्यापेक्षा जास्त उजेड दाखवतात आणि चित्र काळवंडतं. झिंक-एअर सेल वापरा, किंवा डिजिटल कॅमेऱ्याच्या रीडिंगशी ताडून फरक लिहून ठेवा.

पहिल्या फिल्मसाठी ट्राय-एक्स ही कृष्णधवल फिल्म घ्या, कारण ती घरी धुता, म्हणजे रसायनांत डेव्हलप करता येते. दिवसाउजेडी ती २०० आयएसओ आहे. आपल्याकडच्या भर दुपारच्या उन्हात २४ च्या वेगाला एक्स्पोजर साधारण एफ ३२ वर, म्हणजे लेन्सच्या अगदी बारीक छिद्रावर जातं. एवढं छिद्र बहुतेक लेन्सना झेपत नाही, आणि झेपलं तरी इतक्या छोट्या फ्रेमवर चित्र मऊ पडतं. लेन्सवर चार स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे नुसता उजेड कमी करणारी करडी काच (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), लावला की एफ ८ मिळतो. मीटर लेन्समधून मोजणारा असेल तर फिल्टरचा हिशेब तो स्वतःच करतो. कॅमेऱ्याच्या आतला, रंगीत फिल्मसाठीचा नारिंगी फिल्टर बल्बच्या खुणेवर नेऊन बंद करा, नाहीतर दोन-तृतीयांश स्टॉप उगाच जातो.

घरात शूट करताना खिडकीजवळ करा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्तातले एलईडी आणि ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. २४ फ्रेमशी ते जुळत नाही आणि पडद्यावर उजेड सेकंदाला चार वेळा धडधडतो. डोळ्यांना शूटिंगच्या वेळी काही कळत नाही, हीच पंचाईत. जुना पिवळा बल्ब बराच बरा.

फोकसआधी आयपीसचं डायॉप्टर, म्हणजे बघायच्या भिंगाचा नंबर, आपल्या डोळ्याला लावून घ्या. मग पूर्ण झूम करून नटाच्या डोळ्यांवर फोकस, आणि तसंच ठेवून झूम मागे. कॅमेरामन बदलला की डायॉप्टर पुन्हा.

संवाद शक्यतो टाळा. कॅमेरा खडखडतो आणि त्याचा वेग इतका स्थिर नसतो की लांब वाक्यांत ओठ जुळतील. आवाज वेगळा रेकॉर्ड करा: पावलं, दार, कपबशी, रस्ता. शॉट झाला की लगेच तिथल्या तिथे, कॅमेरा बंद ठेवून. संवाद हवाच असेल तर पाठमोरा माणूस किंवा दूरचा शॉट घ्या आणि नंतर डब करा.

धुण्यासाठी १५ मीटर मावणारा, स्पायरलचा (फिल्म वेटोळ्यात बसवायच्या चकतीचा) टँक लागतो. जुने रशियन लोमो टँक याच कामाचे. पूर्ण अंधारात कार्ट्रिज सांध्यावर फोडायचं आणि फिल्म स्पायरलमध्ये भरायची. हा सराव आधी वाया गेलेल्या फिल्मवर उजेडात, मग डोळे मिटून करा. डी-७६ या डेव्हलपरमध्ये निगेटिव्ह म्हणून धुवा आणि स्कॅननंतर संगणकावर काळं-पांढरं उलटवा. दोन फूट कापून आधी धुऊन बघा आणि वेळ ठरवा. उन्हाळ्यात नळाचं पाणी ३० अंशांच्या वर जातं, तेव्हा इमल्शन, म्हणजे फिल्मवरचा चित्राचा थर, फुगून मऊ होतं आणि नखानेही निघतं. बादलीत बर्फ ठेवून सगळी द्रावणं २० अंशांवर आणा, धुण्याचं पाणीसुद्धा. गरम-थंड झालं तर जाळीसारख्या भेगा पडतात. बाथरूममध्ये आधी गरम पाण्याची वाफ केली की धूळ खाली बसते. मग दोरीवर सैल वेटोळी घालून वाळवा, पुसू नका.

स्कॅनला देताना वेग लिहून द्या, १८ की २४. सांगितलं नाही तर फाइल २५ ने येऊ शकते आणि हालचाल बदलते. फ्रेमच्या कडा दिसतील असा ओव्हरस्कॅन आणि फ्लॅट, म्हणजे कमी कॉन्ट्रास्टची, फाइल मागा. नंतर फ्रेम सरकवायला आणि काळ्यातला तपशील उचलायला जागा राहते.