टेरा सिगिलाटा: तिसऱ्या फेरीच्या नोंदी

टेरा सिगिलाटा म्हणजे अगदी बारीक मातीच्या लेपाने चकाकणारी रोमन लाल भांडी. तसे वाडगे करून भाजण्याच्या या फेरीत लेपाला चकाकी आली, पण लाल रंग अर्ध्याच वाडग्यांवर उतरला. बाकीचे काळपट निघाले. दोष लेपाचा नाही, धुराचा.

लेपाचं प्रमाण आता पक्कं धरायला हरकत नाही: कुटून चाळलेली कोरडी लाल माती १ किलो, पाणी २ लिटर, धुण्याचा सोडा ५ ग्रॅम. सोडा आधी थोड्या गरम पाण्यात विरघळवायचा. त्यामुळे मातीचे कण एकमेकांना धरत नाहीत. जाड कण तळाला बसतात, बारीक तरंगत राहतात. पारदर्शक बरणी २० तास अजिबात हलवायची नाही. वरचं पाणी काढून मधला थर नळीने ओढून घ्यायचा. बरणी तिरकी केली की गाळ उठतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. १०० मिली लेपाचं वजन ११२ ते ११५ ग्रॅम हवं. त्याहून दाट लेप सुकताना पोपडे सोडतो.

लेप पूर्ण वाळलेल्या भांड्यावर पातळ द्यायचा आणि लगेच मऊ कापडाने घासायचा. रोमन कुंभारांना हे घासणं लागत नसे. त्यांच्या लेपाच्या मातीत इलाइट हे खनिज भरपूर. त्यातल्या पोटॅशमुळे लेप भट्टीतच वितळल्यासारखा एकजीव होई. भांड्याची माती वेगळी, चुनायुक्त. आपल्या साध्या मातीची घासून आणलेली चकाकी १००० अंशांच्या पुढे मरते, म्हणून ९५० ला थांबायचं. भांड्याच्या मातीत चुनखडीचे खडे राहिले तर भाजल्यावर काही दिवसांनी ओल शोषून फुगतात आणि टवका उडवतात. चाळणीत आळस नको.

आता धूर. दक्षिण गॉलमधल्या (आजचा फ्रान्स) ला ग्रोफसेंक या रोमन कुंभार-गावी ज्वाळा आणि धूर मातीच्या नळ्यांमधून भट्टीबाहेर जात. भांड्यांना त्यांचा स्पर्शच नसे. आपल्याला झाकणाची मातीची पेटी पुरते, पण झाकणाची फट ओल्या मातीने लिंपायलाच हवी. या वेळी तेच राहिलं. सुरुवातीची काजळी पुढे जळून जाते. तापमानाच्या शिखरावर धूर शिरला तर मात्र इलाज नाही: काळा झालेला लेप तसाच एकजीव होऊन बंद झाला की नंतर कितीही हवा दिली तरी आत पोचत नाही. ग्रीकांनी हाच गुण काळ्या भांड्यांसाठी वापरला, ही गोष्ट वेगळी. शेवटच्या अर्ध्या तासात ओलं लाकूड नकोच, जाडही नको.

साच्याच्या नक्षीचं गणित मात्र चुकलं होतं. आकसणं तीनदा मोजायचं: ठसा, साचा, वाडगा. आकस १० टक्के धरला तर ओल्या ठशावरचं २० मिमीचं पान वाडग्यावर जेमतेम १४.६ मिमी उरतं. १५ सेंमी तोंडाच्या वाडग्यासाठी ओला साचा आतून १८.५ सेंमी लागतो. ठसे साच्याच्या आतल्या बाजूला, माती चामड्याइतकी घट्ट असताना. खोल किंवा आत वळलेले ठसे टाळा, वाडगा आकसूनही अडकतो. साचा भाजलेला आणि कोरडा हवा, तरच तो पाणी पितो आणि वाडगा आपोआप सुटतो. बैठक नंतर चाकावर.

नावाचा शिक्का आत तळाशी. इटलीतल्या अरेझ्झोच्या रोमन कुंभारांचे असे शिक्के १९४५ च्या उत्खननात पुदुच्चेरीजवळच्या अरिकमेडूलाही सापडले.

पुढच्या फेरीत तीच माती, तोच लेप; बदल फक्त लिंपलेल्या झाकणाचा.