काजळ पडवीत, मी आत

आधीच सांगतो, हे सगळं मी फोनवर बोलून टाइप करतोय आणि फोन काजळचं गाजर करतो, त्यामुळे मधेच कुठे पडवीत गाजर बांधलेलं आढळलं तर समजून घ्या. काजळ म्हणजे माझी लॅब्रॉडॉर. काळी कुळकुळीत (असं लोक सांगतात), चार वर्षांची, गाइड डॉग. डोळ्यांत घालायचं ते मी हातात धरून फिरतो, हा जोक माझा आहे, दुसऱ्या कोणी मारला की मला राग येतो.

मला रेटिनायटिस पिगमेंटोसा आहे. आधी रातांधळेपणा आला, मग बाजूचं दिसणं गेलं, नळीतून बघितल्यासारखं मधलं तेवढं उरलं आणि पस्तिशीच्या आत तेही संपलं. आता उजेड आहे की नाही एवढंच कळतं. हे लक्षात ठेवा, पुढे एक बल्ब येणार आहे.

दिवाळी झाल्यावर गुहागरला गेलो. मित्राचं चिपळूणला दोन दिवसांचं काम होतं, तो म्हणाला तुला गुहागरला सोडतो, येताना उचलतो. पुणे, ताम्हिणी, माणगाव, दापोली असे रमतगमत गेलो. दापोलीत जेवायला थांबलो तर हॉटेलवाला म्हणाला कुत्रा बाहेर, मग आम्हीही बाहेर, गाडीतच वडापाव. याची आता सवय झालीय, त्यावर काही लिहीत नाही.

दाभोळच्या जेट्टीवर मात्र मजा आली. मला फेरीबोटीत चालत चढायचं होतं, गाडीत बसून नाही. हार्नेसची दांडी धरली, काजळला पुढे म्हटलं, ती चार पावलं गेली आणि आडवी उभी राहिली. परत म्हटलं पुढे, तर ती माझ्या गुडघ्यांवर अंग दाबून मला मागे रेटतेय. बोटीची लोखंडी फळी अजून धक्क्याला नीट टेकली नव्हती, मधे फट आणि खाली पाणी, हे मला मित्राने नंतर सांगितलं. या कुत्र्यांना शिकवतात त्यातली सगळ्यात अवघड गोष्ट हीच, की धोका असेल तर मालकाचं ऐकायचं नाही. लोकांना वाटतं कुत्रा आपल्याला नेतो. रस्ता माझ्या डोक्यात असतो, ती फक्त खड्डा, खांब, स्कूटर, फांदी यातून मला काढते. बोटीवरच्या माणसाला विचारलं हिचं तिकीट किती, तो म्हणाला, ‘तिचा कसला तिकीट, तीच तर तुमका घेऊन आली.’ दहा मिनिटांत धोपावे. अख्ख्या प्रवासात काजळवर वाद न घालणारा हा एकच माणूस भेटला आणि मी त्याला धड थँक्यूसुद्धा म्हटलं नाही.

आता होमस्टे. नाव सांगणार नाही, कारण माणसं खरंच चांगली आहेत, आणि खरा घोळ तिथेच आहे. मागे सुपारीची आगर, पुढे पडवी, भाड्याच्या चार खोल्या, बाकी घरात काका-काकू स्वतः राहतात. फोनवर मी स्पष्ट सांगितलं होतं की सोबत गाइड डॉग आहे. काका म्हणाले होते, ‘या या, काही प्रॉब्लेम नाही.’ त्यांना ‘गाइड’ ऐकू आलं असणार, ‘डॉग’ नाही.

उंबऱ्याशी पोचलो आणि काका म्हणाले, ‘हिला इथे पडवीत बांधू. आत देवघर आहे, सोवळं आहे हिचं.’ हिचं म्हणजे काकूंचं. मी सांगितलं, काका, ही पाळीव म्हणून आणलेली नाही, हिच्याशिवाय मला नवीन घरात वावरता येत नाही. तर काकांनी माझा दंड धरला, चांगला घट्ट, आणि म्हणाले,

‘अहो, आम्ही आहोत ना!’

यावर काय बोलणार? नाही म्हणणाऱ्याशी भांडता येतं, इथे माणूस स्वतःला कुत्र्याच्या जागी द्यायला तयार होता. मित्र निघायच्या घाईत होता, मी थकलो होतो, आतून घावनांचा वास येत होता. मी हो म्हटलं. काजळचा हार्नेस मीच काढला, पट्टा पडवीच्या खांबाला मीच बांधला. तिने एक सुस्कारा सोडला, बस.

त्यानंतर काकांनी दिलेला शब्द इतका पाळला की मी रडकुंडीला आलो. संडासापर्यंत काका, हात धुवायला काका. ताटात काय कुठे आहे ते काकू सांगत होत्या आणि ते बरोबरच होतं, कुळथाचं पिठलं, भात, ओल्या नारळाची चटणी, वर सोलकढी, जेवणाबद्दल एक शब्द वाईट बोलणार नाही. पण संध्याकाळी किनाऱ्यावर! गुहागरचा किनारा म्हणजे लांबच लांब सरळ वाळू, ना गाडी ना खांब. मी आलोच होतो तेवढ्यासाठी, की डाव्या हाताला काजळ, एका कानाला समुद्र, दुसऱ्या कानाला सुरूची सळसळ, आणि पाय दुखेपर्यंत एकट्याने चालायचं. त्याऐवजी काकांनी दंड धरून मला पोलिसांनी पकडल्यासारखं नेलं. ‘इकडे पाणी आहे हां. इकडे ओलं आहे हां.’ अहो, समुद्र आहे, ओलं असणारच. काजळ घरी का, तर गावातली कुत्री अंगावर येतात. यात मात्र तथ्य आहे, गाइड डॉगला आपल्याकडे हॉटेलवाल्यांपेक्षा जास्त त्रास भटक्या कुत्र्यांचा होतो. वीस मिनिटांत परत आलो, काकांचा गुडघा दुखत होता.

रात्री झोपताना काका सहज म्हणाले, ‘मागच्या महिन्यात शेजारच्यांचं कुत्रं बिबट्याने उचललं. पण पडवीत बल्ब असतो रात्रभर, काळजी करू नका.’

काळजी करू नका!

मग कसली झोप. पडल्या पडल्या मी काकांशी मनातल्या मनात कडाक्याचं भांडलो. त्यात अर्थात मीच जिंकत होतो. म्हटलं काका, १९२८ मध्ये मॉरिस फ्रँक नावाचा आंधळा तरुण स्वित्झर्लंडमधून बडी नावाची कुत्री घेऊन अमेरिकेत परतला, तेव्हा त्यालाही दारोदार हेच ऐकावं लागलं. आज तिथे अपंगांच्या हक्कांसाठी १९९० चा कायदा आहे, एडीए, त्यात दुकानदाराला फक्त दोन प्रश्न विचारता येतात, ही कुत्री अपंगत्वामुळे लागते का आणि हिला कोणतं काम शिकवलंय. सर्टिफिकेट मागायचं नाही. जपानने २००२ मध्ये मदतनीस कुत्र्यांसाठी वेगळा कायदाच केला. आपल्याकडे २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, एकवीस प्रकारचं अपंगत्व त्यात मोजलंय, भेदभाव करायचा नाही असंही लिहिलंय, पण मी स्क्रीन रीडर लावून दोनदा ऐकला, कुत्रा हा शब्द काही माझ्या कानावर पडला नाही. विमानात गाइड डॉगला केबिनमध्ये घेतात. म्हणजे काजळ ढगांत माझ्या पायाशी बसू शकते, तुमच्या माजघरात नाही.

एवढ्यात मला आठवलं की त्याच अमेरिकन कायद्यात एक सूट आहे, मालक स्वतः त्या घरात राहत असेल आणि भाड्याच्या खोल्या पाच किंवा कमी असतील तर हा नियम त्याला लागूच होत नाही. काकांच्या खोल्या चार. अमेरिकेत असते तरी काका सुटले असते. भांडण तिथेच संपलं, आणि मला जायचं होतं लघवीला.

किती वाजले होते माहीत नाही, दोन असतील. काकांनी बजावलं होतं, हाक मारा. त्या गुडघ्याला दोन वाजता कोण उठवणार. पांढरी काठी बॅगेत तळाशी, आणि काकांच्या हातात हात देऊन देऊन दिवसभरात मी पावलं मोजलीच नव्हती, एरवी नव्या जागी मी पहिलं तेच करतो. तरी मागच्या दाराने बाहेर पडलो, जांभ्याच्या पाखाडीची, म्हणजे दगडी पायवाटेची, कड पायाने चाचपत संडास गाठला. परत येताना डावीकडे पडवीचा बल्ब अंधुक पिवळा जाणवत होता, त्याच्या रोखाने निघालो.

आणि लाइट गेली.

डोळस माणसाला यात काय वाटेल कोण जाणे, ते टॉर्च शोधतील. माझा एकुलता एक खांब नाहीसा झाला. दहाबारा पावलं गेलो तर पाय पाटाच्या पाण्यात, म्हणजे पाखाडी सुटून मी आगरात शिरलो होतो. हात लावावा तिथे सुपारीचं खोड, सगळी खोडं सारखी. मग डिझेलचा वास आला. पंप. पंप म्हणजे विहीर. तिला कठडा आहे की नाही, हे मी विचारलं नव्हतं. तिथेच थांबलो, ओला पाय, त्यात बिबट्या डोक्यात. काकांना हाक मारायची सोडून तोंडातून निघालं, ‘काजळ?’

ती भुंकली. एकदाच. दोन वर्षांत मी तिचं भुंकणं ऐकलं नव्हतं, यांना भुंकू नये असंच वाढवतात, आवाज ऐकून मला क्षणभर वाटलं दुसरंच कुत्रं आहे. परत हाक मारली, परत एकदा. पट्टा ताणल्याचा आवाज. मग मी हाक मारायची, तिने भुंकायचं, मी पाच पावलं टाकायची, असे एकेक खोड सोडत आम्ही आलो. आम्ही म्हणजे मीच, ती बांधलेलीच होती. पडवीची पायरी नडगीला लागली आणि वर थेट तिचं नाक.

तेवढ्यात दार उघडलं, काका टॉर्च घेऊन.

‘बघा! भुंकली की नाही? म्हणून मी म्हणतो, कुत्री आत नकोत. सगळं घर उठवलं.’

मी समजावून सांगायला तोंड उघडलं होतं, पण हसू आलं, आणि ते थांबेचना. काकांना वाटलं मी घाबरलोय, त्यांनी चटई आणि गोधडी आणून दिली, काकूंनी आतून विचारलं चहा टाकू का. दुसऱ्या दिवसाबद्दल सांगण्यासारखं काही नाही, दुसरी रात्रही मी पडवीतच काढली, डास भयंकर.

निघताना काकांनी हिशोब सांगितला, अगदी वाजवी, आणि वर म्हणाले, ‘कुत्रीचं काही लावलं नाही हां, ती बाहेरच होती.’ काकूंनी कोकमाच्या आगळाची बाटली दिली. ती कुंभार्ली घाटात बॅगेत सांडली आणि नेमकी हार्नेसवर. तीनदा धुतला, अजून आंबट वास येतो.