कोरड्या हवेत तंबाखू वाळवताना झालेली फजिती

वाळवंटात राहणाऱ्याला वाळवणं काय शिकवायचं, असं मला वाटायचं. दोरीवर दुसरा टॉवेल टाकेपर्यंत पहिला कडक होतो, अशी आमची हवा. त्यामुळे अंगणात तंबाखूची १४ झाडं लावली तेव्हा सगळी धास्ती होती ती झाडं जगवण्याची. वाळवण्याचा विचार मनात आलाच नाही. झालं उलटंच. झाडं माजल्यासारखी वाढली आणि पहिल्या वर्षीचं अख्खं पीक वाळवताना वाया गेलं. तो राग अजून उतरलेला नाही.

वाढवण्याचं थोडक्यात सांगतो. बी म्हणजे निव्वळ धूळ, एका ग्रॅममध्ये दहा हजारांच्या आसपास. त्याला उगवायला उजेड लागतो, म्हणून मातीआड करायचं नाही. ओल्या कोकोपिटवर भुरभुरायचं आणि वर पारदर्शक झाकण ठेवायचं. दोन महिन्यांत वीतभर रोपं झाली. थंडी ओसरताच लावली, म्हणजे खरा उन्हाळा पेटायच्या आत निम्मी पानं हाती लागतात. दोन रोपांत दोन फूट अंतर, वर शेडनेट, बुंध्याशी पाचोळ्याचं आच्छादन. झालं.

एक चूक मात्र केली. भर दुपारी पानं माना टाकायची आणि मी पाइप घेऊन धावायचो. एवढ्या मोठ्या पानांतून जितकं पाणी उडतं तितकं मुळांना ओढता येत नाही, म्हणून दुपारी मान पडणारच. संध्याकाळी पानं ताठ झाली तर झाड ठणठणीत आहे. पहाटेसुद्धा मान खाली असेल तेव्हाच पाणी द्यावं. हे कळेपर्यंत दोन झाडांची मुळं कुजली होती.

कळ्या दिसताच शेंडे खुडले, मग बगलफुटी, म्हणजे पानांच्या बगलेत फुटणारे कोंब, काढत राहिलो. खालची पानं जाडसर होऊन पिवळट झाक मारू लागली तशी तोडली, सुतळीत ओवली आणि व्हरांड्यात टांगली. जो तो सांगतो की सावलीत, खेळत्या हवेत चार ते आठ आठवडे लागतात. माझी पानं चार दिवसांत वाळली. मी काय खूश! म्हटलं, इतरांना दोन महिने लागतात, आपल्याला निसर्गाचीच मदत आहे.

पाचव्या दिवशी एक पान काढायला हात लावला आणि त्याचा चुरा होऊन पायावर पडला. देठ तेवढा चिमटीत राहिला. चुऱ्याचा रंग हिरवागार, वास वाळक्या गवताचा. तंबाखूचा मागमूस नाही. वाटलं, राहू दे महिनाभर, होईल तपकिरी. महिना गेला, दीड गेला, हिरवं ते हिरवंच. पाणी मारून पुन्हा टांगलं, तर पुन्हा चार दिवसांत तेच. शेवटी वैतागून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलं, त्याला बुरशी आली. सगळं कचऱ्यात. सहा महिन्यांची मेहनत, आणि घरात वर्षभर चेष्टा.

गोम नंतर कळली. तोडलेलं पान लगेच मरत नाही. ते काही दिवस जिवंत राहतं, उपाशी असतं, आणि आपल्यातलाच पिष्टमय साठा मोडून खातं. त्याच काळात हिरवा रंग मोडतो आणि पान पिवळं पडतं. त्याला पानात ओल लागते. आमच्या हवेत पान उपाशी राहण्याआधीच तहानेनं मरतं, आणि मेलेल्या पानातला हिरवा रंग मग काही केल्या जात नाही. म्हणजे वाळवणं हे काम नव्हतंच. पान पिकेपर्यंत त्याला वाळू न देणं, हे काम होतं.

दुसऱ्या वर्षी म्हणून आढी घातली. फळांची घालतात तशीच. तोडलेली पानं तासभर सावलीत सुकवून मऊ केली, पुठ्ठ्याच्या खोक्यात एकावर एक रचली, वर जाड कापड. रोज सकाळी खोकं उपसायचं, मधली पानं कडेला, कडेची मध्ये. मध्ये हात घातला की ऊब लागते. एकदा लग्नाला गेलो आणि दोन दिवस उलथापालथ करायची राहून गेली, तर मधली सात-आठ पानं काळी, बुळबुळीत होऊन घाण वास सुटला होता. बाकीची आठवड्यात हळदीसारखी पिवळी झाली. हिरवट शिरा असलेलं पान मी परत खोक्यात टाकायचो. घाई पहिल्या वर्षी करून झाली होती.

पिवळी पानं मग कूलरच्या खोलीत टांगली, झोतापासून लांबच्या कोपऱ्यात. बाहेर आर्द्रतामापक १५ टक्क्यांवर असताना त्या कोपऱ्यात ६० दाखवायचा. पाच आठवड्यांत पानं तपकिरी झाली. पातं आधी वाळतं, मधली जाड शीर सगळ्यात शेवटी. शीर वाकवल्यावर काडीसारखी कट्‌कन मोडली तरच वाळलं म्हणायचं, नाहीतर साठवणीत बुरशी ठरलेली.

आणि हो, वाळलेल्या पानाला तसंच हाताळू नका. जमिनीला वाफसा, म्हणजे बेताची ओल, लागतो तसा पानालाही लागतो. अगदी बारीक फवारा मारून रात्रभर पिशवीत बांधून ठेवलं की सकाळी पान चामड्यासारखं मऊ येतं, मुठीत दाबलं तरी तुटत नाही. त्याच दिवशी घड्या घाला.

आधी सांगायला हवं होतं ते आता आठवतंय. ओली पानं उघड्या हातांनी तोडू नका. निकोटिन कातडीतून अंगात जातं, मळमळ होते, गरगरतं. हातमोजे घाला. घरी तंबाखू लावायला तुमच्याकडे कायद्याची परवानगी आहे का, हे बी आणण्याआधीच पाहा. पाणी खारट असेल तर कुंडीपेक्षा जमीन बरी, आणि अधूनमधून भरपूर पाणी देऊन क्षार खाली ढकला. पालाशसाठी म्युरेट ऑफ पोटॅश घेऊ नका, त्यातल्या क्लोराइडनं पान नीट जळत नाही. सल्फेट ऑफ पोटॅश घ्या. टोमॅटो जवळ नको, मोझॅक व्हायरस दोघांनाही धरतो.

इझमीर, बास्मा, सामसुन या तुर्कस्तान-ग्रीसकडच्या छोट्या पानांच्या जाती कोरड्या हवेतल्याच, आणि त्यांची पानं पिवळी पाडून सरळ उन्हात वाळवतात. हे मला पहिल्या वर्षी कुणी सांगितलं असतं तर कूलरचं बिल वाचलं असतं. यंदा इझमीर लावलाय. एका झाडाचा शेंडा बियाण्यासाठी राखून ठेवलाय, त्याची गुलाबी फुलं कालच उमलली.